पाठीवरच्या पुटकुळ्या आणि अडीच ओळींचं उत्तर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आरोग्याच्या प्रश्नोत्तरांमध्ये एका वाचकाने विचारलं होतं की पाठीवर आणि छातीवर बारीक बारीक पुटकुळ्या आल्यात, खाज प्रचंड येते, दोन महिने झाले तरी जात नाहीत, काय करू. त्याला उत्तर मिळालं अडीच ओळींचं, केसांच्या मुळांना जंतुसंसर्ग झालाय, अँटिबायोटिक मलम लावा, स्वच्छता ठेवा, बरं न वाटल्यास डॉक्टरांना दाखवा. संपलं. हे उत्तर चूक आहे असं नाही म्हणत मी, बऱ्याच जणांना त्याने बरं वाटेलही, पण त्या प्रश्नात एक वाक्य होतं जे उत्तर देणाऱ्यांच्या नजरेतून निसटलं असं मला वाटतं. त्या माणसाने लिहिलं होतं की घसा बिघडला म्हणून आधी गोळ्यांचा कोर्स झाला होता आणि हे सगळं त्यानंतर सुरू झालं. ते वाचलं आणि माझा चहा तसाच राहिला, कारण अगदी हाच प्रकार मी स्वतः सात महिने अंगावर काढलाय आणि त्यातले पाच महिने निव्वळ चुकीच्या औषधात गेले.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण जे भोगलं आणि नंतर ज्या त्वचारोगतज्ज्ञांकडे बरं झाले त्यांनी जे समजावून सांगितलं, तेवढं लिहिते, पत्र मोठं झालं तर कापा पण औषधांचा भाग कापू नका.

आपल्याकडे केसतूड हा शब्द आहे, केसाच्या मुळाशी होणारा दुखरा फोड. पापणीच्या केसाशी झाली की तिला आपण रांजणवाडी म्हणतो, आणि शेजारशेजारची अनेक मुळं एकदम खोलवर सडली, वरून चाळणीसारखी पुष्कळ तोंडं पडली की ती काळपुळी. म्हणजे नावं आहेत आपल्याकडे, चांगली नेमकी नावं आहेत, पण ती सगळी दुखणाऱ्या, पू होणाऱ्या फोडांची. जी नुसती खाजते, बारीक असते, एकसारखी असते तिला मात्र आपण कधी घामोळं म्हणतो, कधी पुरळ, कधी मुरूम, कधी उष्णता, आणि डॉक्टर एकच शब्द टाकतात, फॉलिक्युलायटिस. आता हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं रोगाचं नाव कळलं. नाही कळलेलं! त्याचा अर्थ फक्त एवढाच की केस ज्या खोबणीतून उगवतो ती खोबण सुजलीय. का सुजलीय ते त्या शब्दात नाहीच. घराच्या भिंतीला ओल आलीय म्हणण्यासारखं झालं ते, नळ फुटलाय की गच्ची गळतेय ते शोधायचं राहिलंच.

माझं काय झालं ते सांगते. मला दाताच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक दिलं होतं, नंतर ते परत एकदा घ्यावं लागलं. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी खांद्यांवर आणि पाठीच्या वरच्या भागावर खाज सुरू झाली. पाठ स्वतःला दिसत नाही हा मोठाच प्रॉब्लेम आहे, हाताला फक्त खरखरीत लागायचं. घाम आला की नुसती आग आणि खाज, टी-शर्टचं कापड घासलं तरी नको व्हायचं. आधी घामोळं म्हणून पावडर मारली. मग फॅमिली डॉक्टरांकडे गेले, त्यांनी एका मिनिटात बघून इन्फेक्शन आहे म्हणून परत अँटिबायोटिक दिलं, गोळ्या आणि क्रीम दोन्ही. आठ दिवसांत कमी व्हायच्या ऐवजी ते छातीवर आलं. मग गोळी बदलली. मग केशरचनेच्या रेषेवर, कपाळाला सुरू झालं, आणि या वयात मुरूम कसे आले म्हणून मी मुरुमांचा फेसवॉश घेऊन आले.

आणि मग जे करायला नको होतं ते केलं. मेडिकलवाल्याला विचारलं. त्याने एक ट्यूब दिली, सगळ्यावर चालते म्हणाला, आणि खरं सांगू का, दोन दिवसांत जादू झाल्यासारखी खाज गेली. मी चार जणांना त्या ट्यूबचं नाव सांगितलं, अजून त्याची लाज वाटते. ट्यूब संपली की पाच-सहा दिवसांत सगळं परत, आधीपेक्षा जास्त. मग दुसरी ट्यूब. मग तिसरी. नंतर कळलं की त्यात एक स्टिरॉइड, एक बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिक असं सगळं एकत्र कालवलेलं होतं. स्टिरॉइड काय करतं तर शरीराची सुजेची प्रतिक्रिया दाबून टाकतं, म्हणून खाज आणि लाली झटकन जाते, पण आत जे वाढतंय ते आरामात वाढत राहतं, कारण त्याच्याशी भांडणारेच झोपवलेले असतात. वर हेच स्टिरॉइड जास्त दिवस लावलं तर स्वतःच केसांच्या मुळांशी एकसारख्या पुटकुळ्या आणतं, त्वचा पातळ करतं, आणि नायट्याची बुरशी असली तर ती केसाच्या मुळातून खोल उतरते, वरवरचा नायटा कडक गाठींचा होऊन बसतो. म्हणजे मूळ दुखणं कुठलं आणि औषधाने आलेलं कुठलं हेच ओळखू येईनासं होतं.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले ते नवऱ्याच्या एका उद्योगामुळे. त्याने माझ्या पाठीवरच्या तीन पुटकुळ्यांभोवती बॉलपेनने गोल काढले आणि पाच दिवस रोज रात्री मोबाइलवर झूम करून त्यांचे फोटो काढले, पेन पुसट झालं की परत गिरवायचा. मला हसू यायचं, पण त्या फोटोंत जे दिसलं ते मी पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं. सगळ्या पुटकुळ्या एकाच मापाच्या, एक-दोन मिलिमीटरच्या, जणू एकाच साच्यातून काढल्यात. मुरमांत कसं असतं, एक मोठा, एक छोटा, मध्येच काळं टोक असलेला, मध्येच पांढरं टोक बंद असलेला. इथे काळं टोक एकही नाही. काहींच्या बरोबर मधून बारीक लव बाहेर आलेली दिसत होती. आणि पाच दिवसांत त्या तीनपैकी एकही ना मोठी झाली, ना फुटली, ना दुखली, फक्त खाजत होती.

डॉक्टर बाईंनी ते फोटो बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, अँटिबायोटिक किती वेळा घेतलं? आधी कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी एक पुटकुळी हलकेच खरवडून ते काचेवर घेतलं, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं, याला केओएच टेस्ट म्हणतात, फार साधी असते, काही दुखत नाही. त्यात गोल गोल यीस्टच्या पेशी भरपूर दिसल्या. मॅलॅसेझिया. म्हणजे बुरशीच, पण नायट्याची नव्हे, ही यीस्ट तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहते, कोंड्याशी जिचं नाव जोडलेलं आहे तीच. त्यांनी हेही सांगितलं की ती सगळ्यांच्याच अंगावर असल्यामुळे नुसती दिसली म्हणजे तिनेच केलं असं लगेच म्हणता येत नाही, पुटकुळ्यांचा प्रकार, जागा, खाज आणि आधीची औषधं हे सगळं जुळावं लागतं. माझं सगळं जुळत होतं.

त्याआधी माझं पुवाचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू उगवून बघायची तपासणी, पण झालं होतं आणि रिपोर्टमध्ये विशेष काही आलं नव्हतं, त्यावरून मला मानसिक आहे का असं विचारून झालं होतं एकाचं! तर त्याचं कारण असं की या यीस्टला जगायला बाहेरून तेलकट पदार्थ, म्हणजे फॅटी ॲसिड लागतात, ती स्वतः बनवू शकत नाही, त्यामुळे लॅबमध्ये नेहमीच्या बशीत ती उगवतच नाही, वरून तेल घालावं लागतं. आपल्या अंगावर तिला ते तेल फुकटात मिळतं कारण केसाच्या खोबणीतच तेलाची ग्रंथी उघडते. म्हणूनच हे छाती, पाठ, खांदे, कपाळ अशा तेलकट जागी जास्त होतं. आणि खाज कमी होईल म्हणून मी रात्री अंगाला तेल चोळत होते, म्हणजे तिला पंगतीला बसवून आग्रहाने वाढतच होते म्हणा ना.

आणि अँटिबायोटिकने का वाढलं? कारण त्वचेवर बॅक्टेरिया आणि यीस्ट शेजारी म्हणून राहतात, एकमेकांना थोडं धाकात ठेवून. अँटिबायोटिकने बॅक्टेरिया मरतात, यीस्टला काहीच होत नाही, उलट रान मोकळं होतं. आता कळलं ना मला त्या वाचकाचं ते एक वाक्य का टोचलं.

उपचार काय झाला तर आधी सगळं बंद. गोळ्या बंद, ती ट्यूब बंद, तेल बंद. मग केटोकोनाझोलचा 2 टक्क्यांचा शाम्पू, जो कोंड्याला वापरतात तोच, पण डोक्याला नाही तर पाठीला, छातीला, खांद्यांना लावायचा, पाच ते दहा मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग धुवायचा. रोज. लावून लगेच धुतला तर उपयोग होत नाही हे त्यांनी तीनदा बजावलं. सेलेनियम सल्फाइडचं लोशनही असंच वापरतात. माझं जास्त पसरलेलं असल्यामुळे सोबत इट्राकोनाझोल पोटातून दिलं होतं, पण ते स्वतःच्या मनाने घ्यायचं औषध नाही, इतर कितीतरी गोळ्यांशी त्याचं जमत नाही, हार्ट फेल्युअर असणाऱ्याला ते चालत नाही आणि लिव्हरकडे लक्ष ठेवावं लागतं. तसंच केटोकोनाझोल शाम्पूत ठीक आहे पण त्याच्या गोळ्या वेगळी गोष्ट, लिव्हरला इजा होते म्हणून 2013 साली अमेरिका आणि युरोप दोन्हीकडच्या औषध नियंत्रकांनी त्या गोळ्यांवर कडक बंधनं आणली. नाव एकच असलं की लोक शाम्पूवरून गोळीवर उडी मारतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

पहिल्या आठवड्यात खाज उतरली. पुटकुळ्या जायला महिना गेला. आणि डाग? ते अजून आहेत, फिकट होतायत. गहूवर्णी आणि सावळ्या त्वचेवर सूज गेल्यानंतर काळपट डाग राहतात आणि ते पुटकुळीपेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतात, महिनोन् महिने. लोक त्यालाच आजार समजून औषध चालू ठेवतात. बोट फिरवून बघायचं, सपाट लागलं तर डाग, उंचवटा लागला तर पुटकुळी. आता आठवड्यातून एकदा तोच शाम्पू पाठीला लावते, कारण हे परत येतं, पूर्ण हाकलता येत नाही, यीस्ट काही घर सोडून जाणार नाही.

पण म्हणून ज्याला त्याला बुरशीचा शाम्पू चोळायला सांगायचा माझा हेतू नाही, नाहीतर मी पण अडीच ओळींचंच उत्तर दिल्यासारखं होईल. माझ्या घरातच बघा ना. मुलाला वर्षभर मानेला आणि हनुवटीखाली फोड यायचे. मला अक्कल आल्यामुळे मी लगेच म्हटलं, हेही तेच! छे. त्याचं वेगळंच निघालं. त्याचे केस कुरळे आहेत, दाढी तो अगदी गुळगुळीत करायचा, गालाची कातडी ताणून, उलट्या दिशेने, चार पात्यांच्या रेझरने. अशी दाढी केली की केस कातडीच्या आत कापला जातो, टोक तिरपं आणि धारदार होतं, आणि कुरळा केस वाढताना सरळ बाहेर न येता वळून परत आत घुसतो. शरीराला वाटतं काहीतरी टोचलं, मग सूज, फोड, खाज, कधी पू. यात जंतू नसतातच बहुतेकदा. डॉक्टरांनी भिंग लावून दाखवलं, फोडाच्या बाजूलाच केसाची काळी कमान कातडीत शिरलेली स्पष्ट दिसत होती, दोन्ही टोकं आत आणि मधला भाग बाहेर, शिवणकामातला टाका असावा तसा. सुईने ती कमान नुसती वर उचलून मोकळी केली, उपटली नाही, कारण उपटली की नवा केस परत आतच रुततो.

त्याला महिनाभर दाढीच बंद सांगितली, अगदी बंद. आधी दोन आठवडे जास्तच वाईट दिसायला लागलं, तो रडकुंडीला आला, मग जसे केस लांब झाले तसे ते आपोआप स्प्रिंगसारखे सुटून बाहेर यायला लागले. आता तो ट्रिमर वापरतो, एक मिलिमीटर खुंट ठेवतो, रेझर वापरलाच तर आधी कोमट पाण्याने केस मऊ करून केसांच्या दिशेने, कातडी न ताणता. माझ्या बहिणीला वॅक्सिंगनंतर मांड्यांवर येतात ते याच जातीचे. ज्याला फारच त्रास आहे त्याला लेझरने केस काढायचा मार्ग आहे, कारण केसच नसला तर आत वळणार कोण.

जंतूंचा, म्हणजे बॅक्टेरियाचा, खरा फॉलिक्युलायटिस यापेक्षा वेगळा दिसतो. मधे पिवळट पुवाचं टोक, भोवती लालसर कडा, एखादी लहान एखादी मोठी, हात लावला की दुखते किंवा ठणकते, एक सुकते तोवर दुसरी. बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू असतो. अलेक्झांडर ऑग्स्टन म्हणून स्कॉटलंडचे सर्जन होते, त्यांनी 1880 च्या सुमारास गळवांचा पू मायक्रोस्कोपखाली बघितला तेव्हा हे जंतू द्राक्षांच्या घोसासारखे दिसले म्हणून घोस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं, आणि ऑरियस म्हणजे सोनेरी. इतकं देखणं नाव आणि करणी बघा. साधारण तीनातल्या एका माणसाच्या नाकात हा जंतू काही त्रास न देता राहतो, आणि नाकातून बोटावर, बोटातून खाजवलेल्या कातडीवर. ज्यांना परत परत गळवं होतात त्यांच्या पाठीवर मलम लावून भागत नाही, डॉक्टर कधी कधी नाकात लावायलाच मलम देतात ते यासाठी.

याच्या थोडक्या पुटकुळ्या असतील तर घरच्या घरी पुष्कळ होतं. स्वच्छ कापड सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, दिवसातून तीन-चारदा. बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश मिळतो, तो लावून एक-दोन मिनिटांनी धुवायचा, याचा फायदा असा की जंतू त्याला सरावत नाहीत, तोटा असा की कपड्यांचा रंग उडतो. आमच्या निळ्या टॉवेलवर आता नारिंगी ढग आहेत. अँटिबायोटिक मलमांत म्युपिरोसिन नेहमी देतात, गंमत म्हणजे ते स्वतः एका जंतूपासूनच मिळवलेलं आहे, सुडोमोनास फ्लुओरेसेन्स. पसरलेलं असेल, खोल असेल तर पोटातून औषध लागतं आणि ते कल्चर करून द्यावं, कारण नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारे स्टॅफ आता सगळीकडे आहेत.

त्याच सुडोमोनास कुळातला दुसरा भाऊ गरम पाण्याच्या टबात, क्लोरीन नीट न सांभाळलेल्या पाण्यात वाढतो. एक-दोन दिवसांनी पोहायच्या कपड्याखाली जिथे पाणी अडकून राहिलं तिथेच खाजऱ्या पुटकुळ्या येतात आणि सोबत आलेल्या दोघा-तिघांना पण येतात. निरोगी माणसाला काही करावं लागत नाही, सात-दहा दिवसांत जातात.

आणि काही वेळा तो फॉलिक्युलायटिस नसतोच. तळहात, तळपाय इथे केसाची खोबणच नसते, तेव्हा तिथे पुटकुळ्या असतील तर हे सगळं सोडून दुसरं काही शोधा. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, रात्री झोप मोडेल अशी खाज आणि घरात दुसऱ्यालाही खाजतंय तर आधी खरूज डोक्यात यायला हवी. दंडाच्या मागे काट्यासारखे बारीक उंचवटे, न दुखणारे, लहानपणापासूनचे, ते केराटोसिस पिलारिस, तिथे इन्फेक्शन नाही, युरिया किंवा लॅक्टिक ॲसिडचं क्रीम लावून मऊ ठेवायचं, बस. काखेत, जांघेत तीच तीच गळवं वर्षानुवर्षं, आतून बोगद्यासारखी जोडलेली, वण पडणारी असतील तर ते हायड्राडेनायटिस असू शकतं, आणि तिथे लोक दहा दहा वर्षं स्वतःलाच अस्वच्छ समजत लाजत बसतात. अस्वच्छतेचा त्याच्याशी संबंध नाही! हे वाक्य ठळक छापलंत तरी चालेल. डोक्यात पुटकुळ्या होऊन तिथले केस कायमचे जात असतील, किंवा मानेमागे केसांच्या रेषेवर कडक गाठी होत असतील तर वाट बघू नका, वण पडलेल्या जागी केस परत येत नाहीत.

माझ्या आईचं मात्र मी पाहिलं आणि घाबरले. तिला मानेमागे एक केसतूड झालं, दोन दिवसांत हाताच्या तळव्याएवढा भाग कडक झाला, वर चार-पाच तोंडं, ताप. आम्हाला वाटलं गळू आहे, पिकेल, फुटेल. दवाखान्यात सगळ्यात आधी साखर तपासली, ती तीनशेच्या पुढे. तिला मधुमेह आहे हे त्या काळपुळीनेच आम्हाला कळवलं. ज्याला वारंवार गळवं होतात त्याने साखर तपासून घ्यावी, आणि जे केमोथेरपीवर आहेत, स्टिरॉइडच्या गोळ्या घेतात किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती काही कारणाने कमी आहे त्यांनी घरगुती उपायात दिवस घालवूच नयेत. ताप, झपाट्याने पसरणारी सूज, फोडापासून निघालेली लाल रेघ, असह्य ठणका, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, जांभळट किंवा गडद तपकिरी दिसतं, म्हणून हाताची मागची बाजू टेकवून बघा, शेजारच्या त्वचेपेक्षा गरम लागते का. आणि नाकाच्या वरच्या मुळापासून तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातला फोड कधीही पिळू नका, तिथल्या शिरांचा मार्ग आत मेंदूच्या बाजूला जातो. खरं तर कुठलाच पिळू नका, पण तो तर नाहीच.

संपादक साहेब, माझी तक्रार तुमच्या सदरावर नाही, जागेवर आहे. अडीच ओळीत उत्तर देता येत नसेल तर अडीच ओळीत प्रश्न विचारून परत पाठवा, हरकत काय आहे? दुखतंय की खाजतंय? सगळ्या सारख्या आहेत की लहानमोठ्या? मधे केस दिसतो का? कुठे कुठे आहे, कुठे अजिबात नाही? त्या जागी दाढी, वॅक्सिंग, हेल्मेटचा पट्टा, घट्ट कपडे, घासणारी बॅग? तेल लावता का? आधी काय काय लावून झालं, ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं एखाद्या स्टिरॉइडचं नाव लिहिलंय का? आणि अँटिबायोटिक घेतल्यावर कमी झालं की वाढलं? माझ्याकडे हा शेवटचा प्रश्न पाच महिने उशिरा आला. वाचणाऱ्या प्रत्येकाला याची उत्तरं स्वतःची स्वतः देता येतात आणि ती कागदावर लिहून दवाखान्यात नेली तर एका मिनिटात बघणाऱ्या डॉक्टरांचं पण काम सोपं होतं, फोटो असतील तर अजूनच.

एक विनंती आहे. हे पत्र छापलंत नाही छापलंत तरी चालेल, पण गेल्या रविवारी ज्यांनी प्रश्न विचारला होता त्यांचा पत्ता तुमच्याकडे असेलच. त्यांना एवढं कळवा की ते मलम आणायच्या आधी पाठीचा नीट उजेडात फोटो काढा, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि केओएच करून घ्यायची का असं विचारा. आणि घरात कुणी असेल तर बॉलपेनने दोन-तीन गोल काढून ठेवायला सांगा.

आपली,
एक वाचक